बाणातला ण

शेवगावातल्या आमच्या घराला तीन खोल्या होत्या. पुढची अण्णांची, मागची आईची आणि मधली आम्हा सगळ्यांची, असं कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण वावर तसाच होता. पुढच्या खोलीत चार वेताच्या खुर्च्या, काचेच्या कपाटात पुस्तकं आणि कोनाड्यात विणलेल्या रुमालाखाली रेडिओ. सकाळच्या मराठी बातम्या लागल्या की अण्णा गालावरचा साबण तसाच वाळू देत बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या मागोमाग पुटपुटत राहायचे. बातमी काय आहे याकडे त्यांचं लक्ष नसायचं. 'आणि', 'निर्णय', 'प्राणहानी' हे शब्द त्या बाई कशा उच्चारतात, तेवढं ते टिपायचे. मागच्या खोलीत चूल, पाटा-वरवंटा, बाजरीच्या पिठाचा डबा आणि आई. तिथे दिवसभर आवाज असायचे, पण ते भांड्यांचे, फोडणीचे, भाकरी थापण्याचे. माझ्या लहानपणातला आईचा आवाज मला फारसा आठवत नाही.

अण्णा गावातल्या हायस्कूलचे मुख्याध्यापक. सारा गाव त्यांना 'सर' म्हणायचा. ते कुणाला मारत नसत, रागावतही नसत. शब्द चुकला की मात्र थांबवायचे. जेवताना माझ्या तोंडून 'पानी' गेलं की त्यांचा घास हातात तसाच राहायचा. "नळातला न की बाणातला ण?" मी म्हणायचे, "बाणातला." "मग म्हण." पाच वेळा म्हटल्यावर तांब्या मिळायचा. हे मला कधी जाचाचं वाटलं नाही, उलट त्याची ऐटच वाटायची. गल्लीतल्या पोरी 'आमी', 'तुमी', 'लई' म्हणायच्या आणि मी 'आम्ही', 'तुम्ही', 'खूप' म्हणायचे. त्यांच्या आया मला बोलवून घ्यायच्या आणि कौतुकानं ऐकत बसायच्या. "सरांची पोरगी कशी बामनावानी बोलती," असं म्हणायच्या. मला ते आवडायचं.

अण्णा स्वतः कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातले. पुण्याला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात हजेरीला 'हजर' म्हणण्याऐवजी त्यांच्या तोंडून 'व्हय जी' गेलं. वर्षभर त्यांचं नावच 'व्हयजी' पडलं. हे त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही निवृत्त झाल्यावर, आणि सांगताना हसले. मी तेव्हा हसले नाही. वयाच्या अठराव्या वर्षी त्या माणसानं वसतिगृहाच्या मोरीत नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, एकेक शब्द घासून स्वच्छ केला होता. ज्यांनी त्याला चिडवलं त्यांच्यासारखं व्हायचं हेच त्याचं शिक्षण झालं. मला हे सगळं आता समजतं. समजलं म्हणून पुढचं काही कमी होत नाही.

आई पाथर्डीच्या पुढची, डोंगराच्या कडेच्या गावातली. चौथीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा अण्णांनी तिलाही शिकवायला घेतलं. मी झाले तोवर आईनं आपल्यापुरता मार्ग काढला होता. 'हो', 'नाही' आणि 'बरं' हे शब्द तिला निर्धोक वाटायचे, आणि अण्णांसमोर ती त्यांच्यावरच भागवायची. रविवारी सकाळी पुढच्या खोलीत मंडळी जमायची. गावातले डॉक्टर, एक वकील, कधी तालुक्याला बदलून आलेला एखादा अधिकारी. ग्रंथ, नाटक, पुण्यातली व्याख्यानं यांवर गप्पा चालायच्या. त्या दिवशी मागच्या खोलीत भाकरी होत नसे, थापण्याचा आवाज पुढे जातो म्हणून. एरवी आमच्याकडे हुलग्याची शेंगोळी व्हायची, ठेचा आणि भाकरी व्हायची. पाहुण्यांसाठी मात्र पोहे, वर खोबरं-कोथिंबीर. आई बशा भरून मधल्या दारापर्यंत यायची आणि ट्रे माझ्या हातात द्यायची. डॉक्टर पोह्यांना नावाजायचे, "वहिनींना सांग हं, अप्रतिम," असं मला म्हणायचे, आणि चार पावलांवर दाराआड उभी असलेली आई ते ऐकायची. इतक्या वर्षांत त्या मंडळींनी आईचा आवाज ऐकला नव्हता. त्यांची समजूत होती की सरांच्या पत्नी फार मितभाषी आणि सोवळ्या स्वभावाच्या आहेत.

मी सातवीत गेले त्या वर्षी कला आमच्याकडे राहायला आली. कला ही माझ्या मामाची, म्हणजे आईच्या सख्ख्या भावाची मुलगी. माझ्याच वयाची. मामा-मामी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, कधी कोपरगावकडे, कधी पार कोल्हापूरकडे, आणि उन्हाळ्यात परतायचे. कला त्यांच्याबरोबर उसाच्या फडावर जायची, त्यामुळे तिची शाळा वर्षातून चारपाच महिनेच. तरी गावातले गुरुजी मामाला म्हणाले होते की ही पोरगी वाया घालवू नका. आई यात्रेला गावी गेली होती, ती परत आली आणि अण्णा जेवायला बसल्यावर म्हणाली, "दादाच्या कलीला इकडं ठेवून घ्यावं म्हणते." अण्णांनी वर पाहिलं. आईनं त्यांच्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट असावी. "जरूर," अण्णा म्हणाले. "शिकू दे की." त्यांनी तिला वह्या आणल्या, दप्तर आणलं. आत्याचा नवरा म्हणून कला त्यांना मामाच म्हणायची. अण्णा मुळात दुष्ट नव्हते. ते दुष्ट असते तर हे प्रकरण लिहायला मला सोपं गेलं असतं.

कला काटकुळी, तेल लावलं तरी राठ राहणारे केस, आणि बोलण्याचा भलता वेग. पहिल्याच दुपारी ती चुलीपुढे बसून आईला सांगत होती, "आत्ती, औंदा आमच्या टोळीत एक म्हातारी हुती. तिला डोळ्यानं दिसत न्हाई, पन कोयता असा चालवायची, मुकादम बी बघत ऱ्हायचा. म्या इचारलं, आजे, ऊस दिसतो का तुला? तर म्हन्ली, दिसत न्हाई गं, वास येतो." आणि मग मी मधल्या खोलीत गणित सोडवत असताना एक आवाज ऐकला. कुणीतरी पोट धरून हसत होतं. मी उठून पाहिलं तर आई होती.

त्या वर्षी मला कळलं की माझ्या आईला नकला करता येतात. गावचा तलाठी, दम्याची चुलती, भांडकुदळ शेजारीण, सगळे तिच्या तोंडून बोलायचे. "मंग ती काय म्हन्ली ठावं हाय का? म्हन्ली, माज्या कोंबडीला तुज्या कोंबड्यानं नादाला लावली!" असं म्हणून आई कमरेवर हात ठेवायची आणि कला जमिनीवर लोळायची. अण्णा शाळेत गेले की ती मागची खोली निराळीच होऊन जायची. शेंगोळी वळता वळता दोघी बोलायच्या, धान्य निवडता निवडता बोलायच्या. मीही जाऊन बसायचे. पण मला त्यात शिरता यायचं नाही. एकदा मी ठरवून म्हटलं, "आई, मला बी लई भूक लागलीया." दोघी क्षणभर थांबल्या. मग कला फिसकन हसली. "ताई नाटकातल्यावानी बोलती!" ती माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान, म्हणून मला ताई म्हणायची. आईही हसली. मी उठून मधल्या खोलीत गेले. तेरा वर्षांत पहिल्यांदा माझी आई बोलत होती आणि ती माझ्याशी बोलत नव्हती. माझ्या मनात कलाबद्दल जे आलं ते त्या दुपारी आलं. पुढच्या सगळ्याला मी बरीच वर्षं 'पोरकटपणा' म्हणत आले, पण पोरकटपणात इतकं नेमकं हत्यार सापडत नाही.

आठवीला अण्णांच्या हायस्कुलात जायचं होतं. तिथे अ, ब, क, ड अशा तुकड्या. अ तुकडीला मुख्य इमारतीतला वर्ग, बाकं, पंखा आणि सगळ्यांत चांगले शिक्षक. ड तुकडी मागे पत्र्याच्या खोलीत, खाली सतरंजी. त्यात बहुतेक ऊसतोडीच्या, वस्तीवरच्या, उशिरा नाव घालणाऱ्या मुलांचा भरणा. तुकड्या आधी नुसत्या मार्कांवर पडायच्या. त्या वर्षी अण्णांनी सुधारणा म्हणून तोंडी परीक्षा आणली. "मार्क पाठांतरानेही मिळतात. मुलाचं व्यक्तिमत्त्व पाहिलं पाहिजे," असं ते रविवारच्या मंडळींना सांगत होते. मंडळींना पटलं. डॉक्टर आणि वकील शाळेच्या समितीवर होतेच. ते दोघं आणि अण्णा, असे तिघं तोंडी परीक्षा घेणार असं ठरलं.

लेखी परीक्षेत गणितात कला पहिली आली. एकूणात माझ्या थोडी पुढेच. अण्णांनी घरी हे सांगितलं तेव्हा ते खरंच खूश होते. आईनं त्या दिवशी शिरा केला. अण्णांनी कलाला जवळ बोलावलं, म्हणाले, "आता फक्त बोलण्याकडे लक्ष दे. सावकाश बोलायचं. काय?" कला म्हणाली, "व्हय मामा." अण्णा म्हणाले, "हो." कला म्हणाली, "हो."

तोंडी परीक्षेच्या दिवशी आम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. शिपाई एकेकाला आत सोडत होता. खिडकी उघडी होती, त्यामुळे आतलं सगळं ऐकू यायचं. कलाचं नाव आधी पुकारलं. ती आत गेली. डॉक्टरांनी तिला पुस्तक दिलं आणि पाण्यावरचा धडा वाचायला सांगितला. तिनं वाचला, भराभर, न अडखळता. पण 'पाणी' दर ओळीला येत होतं आणि दर ओळीला ते 'पानी' होत होतं. आतून कुणीतरी हसलं. बाकावरची मुलंही हसायला लागली. मग वकिलांनी विचारलं, "पाणी कमी पडलं तर आपण काय करायला हवं?" हा प्रश्न सगळ्यांनाच होता. आमची सगळ्यांची उत्तरं तयार होती, नळ बंद करावा, झाडं लावावीत.

 कला म्हणाली, "आमच्याकडं पानी खाली गेलं का इहीर खोल करत्यात. पन ज्याच्याकडं पैसा त्योच खोल करतो. त्येनं खोल केली का शेजारच्याची आटती. मंग शेजारचा ऊस तोडाया जातो. तवा पयलं हे ठरवाया पायजे का कुनी किती खोल जायचं."

 आज मी त्या उत्तराचा विचार करते तेव्हा मला वाटतं, त्या वर्षी त्या खोलीत कुणी काही शहाणपणाचं बोललं असेल तर ते एवढंच. डॉक्टर म्हणाले, "इहीर नव्हे बाळ. विहीर. आणि पाणी. बाणातला ण. म्हण." ती म्हणाली. "पुन्हा म्हण." पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज बसला होता. "बरं, जा," डॉक्टर प्रेमळपणे म्हणाले. मग ते अण्णांना म्हणाले, "सर, ही तुमच्याकडे राहते ना? मी पाहिलंय हिला मागच्या दारी." अण्णा म्हणाले, "हो, राहते." पुढे काही म्हणाले नाहीत.

लगेच माझं नाव पुकारलं. कला दारातून बाहेर येत होती, मी आत जात होते. माझं वाचन झालं, उत्तरं झाली, डॉक्टरांनी मान डोलावली. मग वकिलांनी सहज, हसत हसत विचारलं, "काय गं, ती मघाची मुलगी कोण तुझी?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते हजेरीपटात पाहत होते. दार उघडं होतं आणि दाराबाहेर शिपायाशेजारी कला उभी होती, माझी वाट पाहत, दोघी बरोबर घरी जाणार होतो म्हणून. मी म्हणाले, "कुणी नाही. आमच्याकडे कामाला आहे."

प्रत्येक शब्द अगदी शुद्ध उच्चारला होता मी. अण्णांनी मान वर केली नाही. त्यांची बोटं मात्र हजेरीपटावर थांबली, हे मी पाहिलं. ते एक शब्द बोलले असते तर माझं खोटं तिथल्या तिथे मेलं असतं. ते बोलले नाहीत. "छान," वकील म्हणाले. "पुढचा."

दोन दिवसांनी फलकावर याद्या लागल्या. माझं नाव अ तुकडीत होतं, कलाचं ड मध्ये.

कला घरी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा ती परसात बसून राखेनं रात्रीची भांडी घासत होती. आईच्या आधी उठली होती. मग तिनं अंगण झाडलं, माझा गणवेश धुतला. जेवताना ती आमच्याबरोबर बसली नाही. आमचं झाल्यावर मागच्या दाराच्या उंबऱ्याशी ताट घेऊन बसली. आईला वाटलं, तुकडी मिळाली नाही म्हणून पोर रुसली आहे. "आगं आत ये, बस की हितं." "न्हाई आत्ती, हितंच बरं हाय." रात्री ती माझ्या शेजारची सतरंजी उचलून चुलीजवळ झोपायला गेली. मला ती 'ताई' म्हणत राहिली, पण आता 'अहो ताई' म्हणायला लागली. "अहो ताई, तुमचा डबा." मी कितीदा डोळे वर करायचा प्रयत्न केला. ती माझ्यावर चिडलेली दिसली असती तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं. ती चिडलेली नव्हती. मी तिला जी जागा दाखवली होती तिथे ती जाऊन बसली होती, एवढंच. मागच्या खोलीतलं हसणं बंद झालं. आईनं दोनदा तलाठ्याची नक्कल केली. कला भांडी घासत राहिली.

आठ-दहा दिवस असे गेले. शनिवारी आई माझी वेणी घालत होती. तिनं विचारलं, "शाळंत काय झालं गं कलीला? तुला ठावं हाय." ती माझ्याशी त्या भाषेत बोलली, पहिल्यांदाच, आणि मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगून टाकलं. आईचे हात थांबले. मग तिनं वेणी पुरी केली, रिबीन बांधली, गाठ घट्ट केली.

दुसऱ्या दिवशी रविवार. पुढच्या खोलीत डॉक्टर, वकील आणि अण्णा. आईनं पोहे केले, बशा भरल्या. मी ट्रे घ्यायला दारात गेले तर तिनं तो दिला नाही. पदर नीट करून ती स्वतः पुढच्या खोलीत गेली. मंडळी अदबीनं सावरून बसली. अण्णा अर्धवट उठले. आईनं बशा दिल्या, ट्रे खाली ठेवला आणि तिथेच उभी राहिली. तिनं हात पदरात गुंडाळले होते.

"मला दोन शब्द बोलायचं हाय," आई म्हणाली.

अण्णा तसेच अर्धवट उठलेले राहिले.

"कला आमच्याकडं कामाला न्हाई. माज्या सख्ख्या भावाची लेक हाय ती. ह्यांची भाची लागती. गनितात पयली आली. तुमी तिघांनी मिळून तिला पत्र्याच्या खोलीत बशिवली. कामून बशिवली ते सांगा मला. मी अडानी हाय, तर मला समजंल असं सांगा."

मी दारात होते. माझ्यामागे कला येऊन उभी राहिली होती, तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. मला वाटलं आता मोठं काहीतरी होणार. अण्णा ओरडतील, मंडळी उठून जातील. आईलाही तेच वाटत असावं, ती त्याच तयारीनं उभी होती.

डॉक्टरांनी चमचा बशीत ठेवला आणि त्यांचा चेहरा आनंदानं उजळला. "वा!" ते म्हणाले. "वहिनी, काय ठसका आहे हो तुमच्या बोलण्यात! सर, इतकी वर्षं तुम्ही हे आमच्यापासून लपवून ठेवलंत?" वकील म्हणाले, "ही खरी आपली मराठी. 'कामून बशिवली'! ऐकलंत? हा शब्द आता कुठं ऐकायला मिळतो?" डॉक्टरांनी चक्क टाळ्या वाजवल्या. त्यात कुचेष्टा नव्हती. त्यांना मनापासून आवडलं होतं. "वहिनी, तुम्ही दर रविवारी आमच्यात बसत जा. नाही, खरंच. आणखी बोला ना काहीतरी."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिला भांडायचं माहीत होतं, शिव्या खायचंही माहीत होतं. हे काय आहे ते तिला कळेना. तिनं अण्णांकडे पाहिलं. अण्णांच्या कपाळावर घाम होता, पण डॉक्टर हसताहेत असं पाहून त्यांच्याही ओठांवर एक केविलवाणं हसू आलं होतं. "मी कायतरी इचारलं," आई हळूच म्हणाली. "हो हो, बघू या ना ते," वकील म्हणाले. "पोहे फर्मास झालेत हं." आई आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग ट्रे उचलून आत आली. कलानं तिच्या हातातून तो घेतला.

मंडळी गेल्यावर अण्णा मागच्या खोलीत आले. ते तिथे क्वचित यायचे. "हेच करायचं होतं तुला?" ते म्हणाले. "माझी काय शोभा झाली?"

"तुमची शोभा न्हाई झाली," आई म्हणाली. "त्यांनी टाळ्या वाजिवल्या."

अण्णा खाली बसले. म्हणाले, "मी तिला वर घेतलं असतं तर म्हणाले असते, मुख्याध्यापकानं बायकोच्या भाचीला घुसवलं."  कलाला घुसवायची गरज नव्हती, तिचे मार्क माझ्याहून जास्त होते, आणि घुसवलं होतं ते मला. हे त्या घरात तिघांनाही कळत होतं. कलालाही कळत होतं, म्हणजे चौघांना.

सोमवारी सकाळच्या एसटीनं आई कलाला घेऊन गावी गेली. कलानं वह्या, दप्तर सगळं व्यवस्थित रचून मधल्या खोलीत ठेवलं होतं. निघताना ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "येते अहो ताई." मी अभ्यास करत असल्यासारखं केलं. आई आठ दिवस तिकडेच राहिली. अण्णा आणि मी खानावळीचा डबा आणून खाल्ला, रेडिओ लावला, एकमेकांशी अगदी शुद्ध मराठीत बोललो. नवव्या दिवशी आई परत आली. ती का परत आली हे मी तिला कधी विचारलं नाही. मामाचं घर दसऱ्यानंतर बंद असायचं आणि तिला दुसरं घर नव्हतं, हेच खरं कारण असणार. त्यानंतर ती मागच्या खोलीतही बोलली नाही. रविवारी डॉक्टर पुढून हाक मारायचे, "वहिनी, या की!" आणि मी ट्रे घेऊन जायचे.

कला त्या दसऱ्याला टोळीबरोबर गेली. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं, कारण मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. तिशी ओलांडायच्या आत तिची गर्भाची पिशवी काढली. फडावरच्या कितीतरी बायकांची काढतात, पाळी आली की खाडा होतो म्हणून. हे मला मामीकडून तुटक तुटक कळत गेलं. मी अ तुकडीतून पुढे गेले, नगरला, पुण्याला, आणि मराठीची प्राध्यापक झाले. चौतीस वर्षं मी मुलांना भाषा शिकवली. बोलीभाषांवर व्याख्यानं दिली. बोली जपल्या पाहिजेत असं मी फार चांगल्या मराठीत सांगायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. अण्णा गेल्यावर आई शेवटची सहा वर्षं माझ्याकडे होती. एकदा मी तिचे पाय चेपत होते. म्हणाले, "आई, तुझ्या गावाकडचं काहीतरी बोल ना. तो तलाठी..." तिनं डोळे मिटले. म्हणाली, "आता नाही येत गं ते. आणि बोलायचं कोणाशी?" एकही अक्षर चुकलं नव्हतं.

तिच्या दहाव्याला कला आली होती. पांढरे केस, हातांच्या बोटांना वाकडेपणा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. विधी झाल्यावर मी तिला बाजूला घेतलं. जे बोलायचं ते मी पन्नास वर्षं मनात घोळवलं होतं. मी म्हणाले, "कला, त्या दिवशी शाळेत मी जे बोलले..." ती म्हणाली, "जाऊ द्या ना ताई. त्येच्यात काय ऱ्हायलंय. म्या दुसऱ्याच कामाला आल्ते." आणि तिनं मागे उभ्या असलेल्या एका मुलीला पुढे ओढलं. तिची नात. दहावीला चांगले मार्क पडले होते. नगरच्या मुलींच्या वसतिगृहात जागा हवी होती. तिथे मुलाखत असते.

"हिला तुमच्यावानी बोलाया शिकवा," कला म्हणाली. "हुशार हाय. पन बोलती आमच्यावानी. तिथं हसत्याल."

नात मान खाली घालून उभी होती. आजीच्या बोलण्यानं तिचे कान लाल झाले होते. "आजी, हळू ना," ती दबक्या आवाजात म्हणाली, "लोक बघतायत." कलानं लगेच आवाज खाली आणला.

मी काय करायला हवं होतं? तिला सांगायचं होतं का, की तुझी भाषा सुंदर आहे, अशीच बोल? ते तर डॉक्टरांनीही सांगितलं होतं. मुलाखत घेणारे कोण असतात ते मला माहीत होतं. निवृत्त होईपर्यंत मीच त्यांच्यात बसत होते. मी म्हणाले, "पाठव तिला."

ती दोन महिने माझ्याकडे राहिली. रोज सकाळी चहा झाल्यावर आम्ही बसायचो. पोरगी झरझर उचलत होती. आठवड्याभरात 'हाय' गेलं, महिन्याभरात 'व्हय' गेलं. चुकली की माझ्याआधी तीच जीभ चावायची. तिला वसतिगृह मिळालं, कॉलेज मिळालं. मुलाखतीहून परत आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, त्यांना वाटलं मी पुण्याची आहे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं.

परवा कलाचा फोन आला होता. ती आता फडावर जात नाही, गावीच राहून लेकाच्या मुलांना सांभाळते. पाऊस, बाजरी, गुडघे, सगळं बोलून झालं. 

"ताई, एक इचारू का? पोरगी फोनवर लई कमी बोलती आता. म्या बोलत ऱ्हाते, ती नुसतं हो, बरं, ठेवते म्हन्ती. पैलं किती बडबडायची. आभ्यास लई आसन, न्हाई का?"

"हो," मी म्हणाले. "अभ्यास खूप असतो."

"मंग बरं हाय," कला म्हणाली. "आभ्यास आसला तर बरं हाय."